भुकटीचं दूध

आमच्या शाळेत दूध आलं ते बैलगाडीतून. घाटंजीहून दोन कोस खडखडत आलेल्या त्या गाडीतून पुठ्ठ्याची चार मोठी पिंपं उतरली. वर इंग्रजीत काहीतरी छापलेलं, आत पिवळट पांढरी भुकटी. हेडमास्तरांनी सगळी शाळा रांगेत उभी केली आणि सांगितलं की हे दूध आहे, साता समुद्रापलीकडून आलं आहे आणि ते पिऊन आम्ही सगळे बलवान होणार आहोत. कोणत्या जनावराचं दूध, असं एका पोरानं विचारलं तर त्याला त्यांनी अंगठे धरून उभं केलं. मी तेव्हा सहावीत होते. साल एकसष्ट असेल, नाहीतर बासष्ट.

त्या दुधाचा वास मी अजून विसरलेले नाही. सत्तरी ओलांडली, कितीतरी चांगल्या गोष्टी डोक्यातून गेल्या, पण हा वास ठाण मांडून बसला आहे. ओलं गोणपाट, चुना आणि उंदीर मेलेली कोठी, या तिन्हींचा मिळून एक वास करा, तो गरम करा, म्हणजे जवळपास पोचाल. त्यावर साय धरायची नाही, कातडं धरायचं. आणि गुठळ्या! बाहेरून गिळगिळीत, दाताखाली फुटली की आत कोरडी भुकटी. ती टाळूला चिकटायची आणि मग पुढचे दोन तास, भूगोलात आणि गणितात, जीभ टाळूवरून ती खरवडत बसायची.

या गुठळ्या हेडमास्तरांच्या इंग्रजीनं केल्या होत्या. पिंपावरच्या सूचना वाचणारं गावात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी चष्मा लावून वाचल्या आणि सांगितलं, भुकटी खळखळ उकळत्या पाण्यात एकदम ओतायची. साधं पिठलं करणारी बाईसुद्धा बेसन आधी थंड पाण्यात कालवून घेते. पण हेडमास्तरांनी पिठलं कधी केलं नव्हतं, फक्त खाल्लं होतं.

सुरुवातीला दूध शाळेचा चपराशी करायचा. आम्ही घरून आणलेले पेले घेऊन रांगेत उभं राहायचं, दूध घ्यायचं, शाळेमागच्या कडुनिंबाखाली जायचं आणि ओतून द्यायचं. सगळेच ओतायचे. पाटलाचा धाकटा पोरगा माझ्याच वर्गात होता, तोही ओतायचा, मीही ओतायची. एकदा गावातलं एक डुक्कर तिथे आलं, त्यानं वास घेतला आणि ते निघून गेलं. डुकराला कुणी काही म्हटलं नाही. आमच्यापैकी मात्र "वास येते" असं जो तोंडानं बोलला त्याच्या हातावर छडी बसली. "सरकारच्या दुधाले नावं ठेवते?" म्हणत हेडमास्तर सपासप मारायचे. पाटलाच्या पोरालाही चार बसल्या. छडीच्या बाबतीत हेडमास्तरांनी तेव्हा भेदभाव केला नाही, हे मान्य करायला हवं.

पंधरा दिवसांत चपराशी कंटाळला. "मी घंटा वाजवू का दूध ढवळू?" असं म्हणून त्यानं पळी टाकून दिली. तेवढ्यात वरून कागद आला की दूध करायला गावातली एखादी गरजू बाई नेमावी. इथे माझे बाबा गोष्टीत येतात.

बाबा घाटंजीच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होते. रोज सायकलनं जायचे आणि परत यायचे तेव्हा भुवयांवर कापूस असायचा. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, तेव्हापासून त्यांना एकच नाद लागला होता, अर्ज लिहिण्याचा. आमच्या मोहल्ल्यात दिवा नाही म्हणून अर्ज, विहिरीकडे रस्ता नाही म्हणून अर्ज. पोस्टमन आमच्याकडे येत नाही असा एक अर्ज त्यांनी केला होता, त्याला उत्तर आलं असलं तरी ते आमच्यापर्यंत पोचायचं कसं, हा प्रश्नच होता. शाळेत बाई हवी हे कळताच त्यांनी हेडमास्तरांना ओलांडून थेट यवतमाळला अर्ज धाडला. 'माझी पत्नी निरोगी असून पाकक्रियेत निष्णात आहे.' मायला विचारलं नाही. महिन्याभरात शाळेच्या पत्त्यावर हुकूम आला, मायच्याच नावाचा.

माय कापूस वेचायला जायची, तिचं तिथे बरं चाललं होतं. हुकूम ऐकून ती म्हणाली, "मले इचारलं काय तुमी? पोट्टे पेतीन काय मह्या हातचं?"

"नाही कसे पेतीन? सरकारचा हुकूम हाय."

"सरकार पेते काय?"

यावर बाबा चिडले. मायही चिडली. त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं आणि सगळा कारभार माझ्या गळ्यात आला. बाबा चुलीपासून हातभर अंतरावर बसून म्हणायचे, "तुह्या मायले सांग, पाणी तापलं काय." माय तिथूनच म्हणायची, "तुह्या बापाले सांग, डोये हायेत ना, पाहा म्हणाव." मी मधे बसून दोघांची तोंडं बघायची. मोठ्या माणसांचा इतका वीट मला त्याआधी कधी आला नव्हता.

पण हट्ट बाबांचाच खरा झाला. माय तयार झाली. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती, आणि ती ते माझ्यामार्फत मायला रोज ऐकवायचे. पाटलापासून सगळ्यांची पोरं एका रांगेत उभी राहून तिच्या हातचं पितील, त्या दिवशी दीक्षा घेतल्याचं सार्थक झालं. तेवढं एक त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं.

पहिल्या दिवशी माय धुतलेलं लुगडं नेसून आली. हात राखेनं घासलेले, मग साबणानं, मग पुन्हा राखेनं. शाळेच्या विहिरीला तिनं हात लावायचा नव्हता. चपराशी बादली वर धरून पाणी तिच्या गंजात, म्हणजे दुधाच्या मोठ्या पातेल्यात, ओतायचा, निम्मं तिच्या पायांवर. हेडमास्तरांनी कृती सांगितली. माय हळूच म्हणाली, "गुरुजी, आधी थंड्या पाण्यात कालवलं तं गाठी नाही होत." हेडमास्तर म्हणाले, "तुले इंग्रजी येते काय?" झालं. गुठळ्या कायम राहिल्या.

घंटा झाली, पोरं पेले घेऊन आली. रांगेतल्या पहिल्या पोरानं मायकडे पाहिलं, गंजाकडे पाहिलं, आणि म्हणाला, "गुरुजी, आमच्या घरी चालत नाही."

मी हेडमास्तरांच्या हाताकडे बघत होते. छडी काखेत होती, ती काखेतच राहिली. ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "ठीक आहे. ज्याच्या घरी चालत नसन त्यानं वर्गात जाऊन बसावं."

बघता बघता रांग रिकामी झाली. धर्म इतक्या वेगानं पसरताना मी पुढे आयुष्यात कधी पाहिला नाही. ज्यांना आपल्या घरचे सणवार धड ठाऊक नव्हते ते सगळे एका मिनिटात सोवळे झाले. उरलो आम्ही सहा जण, आमच्या मोहल्ल्यातले पाच आणि कल्हईवाल्याची मुलगी. ती माझी मैत्रीण होती आणि त्या दिवशी ती माझ्यावरच भडकली. "तेरा क्या जाता? मेरेकू तो पीनाच पडता. अब्बा बोलते हमारे में सब चलता."

सुटीत पाटलाचा पोरगा रोजच्यासारखा हात पुढे करून माझ्याकडे आला. मी घरून बोरं आणायची आणि अर्धं बोर मी खाऊन उरलेलं त्याला द्यायची, असं आमचं दुसरीपासून चालत आलेलं. मी बोरं मातीत फेकून दिली. त्याला खरंच कळलं नाही मी का चिडले ते. "सुटलो ना आमी," तो म्हणाला, "तू बी सांग ना, घरी चालत नाही म्हणून."

मी घरी काय सांगू? मायच्या हातचं चालत नाही म्हणून?

दूध ऐंशी पोरांचं व्हायचं, कारण हुकूम ऐंशीचा होता. हेडमास्तर रजिस्टरात ऐंशीच लिहायचे. उरलेलं वाया जाऊ नये म्हणून आधी आम्हा सहा जणांना पुन्हा पुन्हा पेले भरून द्यायचे, आणि मग बाकीचं हेडमास्तरांच्या म्हशीपुढे जायचं. म्हैस प्यायची. तिच्या दुधाचा गावात चार घरी रतीब होता, पाटलाच्या घरीही. म्हशीतून गेलं की सगळं चालत होतं.

मला कडुनिंबाखाली जाता येत नव्हतं. माय गंजामागून बघायची. मी नाक न दाबता प्यायची, तिला दिसेल असं. दोन पेले, कधी तीन, एकदा पाच. पाचाच्या दिवशी दुपारभर ढेकर येत राहिले आणि प्रत्येक ढेकरात तो वास पुन्हा वर आला.

पहिल्या संध्याकाळी बाबांनी सायकल भिंतीला लावायच्या आधीच विचारलं, "किती जणायनं पेलं?"

"सहा," मी म्हणाले.

ते नीट जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "नऊ." ते म्हणाले, "असं?" आणि भाकर मागून घेतली. मग मला चटकच लागली. तिसऱ्या दिवशी बारा. मग पंधरा. एका दिवशी मी आकडा वाढवला नाही तर ते काळजीत पडले, म्हणून दुसऱ्या दिवशी एकदम वीस केले. माय चुलीपुढेच असायची. ती सगळं ऐकायची आणि फुंकणी तोंडाला लावून नको तेवढा वेळ फुंकत राहायची.

ज्या दिवशी मी पंचवीस सांगितले त्या दिवशी बाबांनी घाटंजीच्या बाजारातून आलुबोंडे आणले होते, कागदाला तेल सुटलेलं. ते कागद सोडता सोडता मायला म्हणाले, "आज भाजीत मीठ जादा झालं." माझ्याकडे न बघता, सरळ मायला. माय म्हणाली, "मंग पाणी घाला." बस, इतकंच. पण मला वाटलं घरात दिवाळी आली. त्यानंतर ते दोघं बोलायला लागले, आधी मिठाबद्दल, मग माझ्याबद्दल, मग हळूहळू सगळ्याबद्दल. माझी मधली नोकरी सुटली. मी तीसवर नेऊन ठेवलं आणि तिथेच थांबले. फार ताणलं तर तुटेल एवढी अक्कल मला होती.

मग डिप्टी साहेब येणार असं कळलं. शाळेची तपासणी, त्यात दूधवाटपाचीही. बाबांनी लगेच जिनातून एक दिवसाची सुटी काढली. "मी येतो," ते म्हणाले, "एकडाव डोयानं पाहू द्या."

तपासणीच्या दिवशी सकाळी, बाबा मागाहून यायचे होते तेव्हा, शाळेच्या वाटेवर माय पहिल्यांदा त्यावर बोलली. "तीस सांगतले तू. आता काय करशीन?"

मला रडू आलं. तिनं डोक्यावरून हात फिरवला नाही की काही नाही. नुसती माझ्या पुढे चालत राहिली.

पण मला एक ठाऊक नव्हतं. खोटं बोलणारी मी एकटी नव्हते. माझे तीस, तर हेडमास्तरांचे ऐंशी, तेही शाईनं लिहिलेले. त्यांनी प्रार्थना संपताच छडी टेबलावर आपटून सांगितलं, "आज सगळ्यायनं प्यायचं. शेवटच्या घोटापर्यंत."

एक पोरगा उठून म्हणाला, "गुरुजी, आमच्या घरी चालत नाही."

"आज चालते," हेडमास्तर म्हणाले.

आणि चाललं. एकाच्याही पोटात धर्म आडवा आला नाही. डिप्टी साहेब खुर्चीवर बसले होते, पायांत चकचकीत तपकिरी बूट. बाबा कुंपणाच्या बाहेर उभे होते, निळीतून काढलेला पांढरा सदरा घालून. माय पळीनं दूध वाढत होती आणि पोरं एकामागून एक पेला पुढे करत होती. पाटलाच्या पोरानं नाक दाबलं, डोळे मिटले आणि घटाघट पिऊन टाकलं. कालपर्यंत ज्यांची घरं बाटत होती ते सगळे एका छडीखातर त्याच हातचं तेच दूध पीत होते. मला त्या पोरांची किळस आली, हेडमास्तरांची आली, आणि बूट हलवत "छान, छान" म्हणणाऱ्या साहेबांचीही आली. बाबांना मात्र यातलं काहीच दिसत नव्हतं. त्यांचे ओठ हलत होते, ते मोजत होते. मोजणी तीसच्या पुढे गेली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहरा असा, की मी खोटं बोलले होते हे क्षणभर मलाच खरं वाटेना.

आमच्या मोहल्ल्यातल्या मुली रांगेत शेवटी, आणि त्यांतही मी शेवटची. साहेबांना दूध घट्ट दिसावं म्हणून हेडमास्तरांनी त्या दिवशी दुप्पट भुकटी ओतायला लावली होती. माझ्या पेल्यात गंजाच्या तळाशी उरलेल्यातलं दूध आलं. अर्ध्याहून जास्त गुठळ्याच. साहेब कौतुकानं म्हणाले, "ही बाईंची मुलगी का? ये, इथे समोर येऊन पी."

मी समोर गेले. माय बघत होती, बाबा बघत होते. मी एक घोट घेतला, दुसरा घेतला. तिसऱ्यात एक गुठळी फुटली आणि महिन्याभराचं सगळं दूध, एकूण एक पेला, माझ्या पोटातून उठून वर आलं. मी तोंड फिरवायला हवं होतं, पण तेवढा वेळच मिळाला नाही. ते सगळं साहेबांच्या बुटांवर पडलं.

साहेबांनी खुर्चीवर पाय वर घेतले. मग पाटलाचा पोरगा पोट धरून कुंपणाकडे पळाला, त्याच्यामागे आणखी दोघं, मग दहा, आणि बघता बघता सगळं मैदान पांढरं झालं. काहींना खरंच उमळून आलं होतं, काही घशात बोट घालत होते. मी त्यांची बोटं पाहिली आहेत.

हेडमास्तर घाम पुसत साहेबांना म्हणाले, "मी आधीच म्हटलं होतं साहेब. बाईच्या हाताले स्वच्छता नाही. पाहा ना, खुद्द तिची पोरगी ओकली."

साहेबांनी ते ऐकलं आणि वहीत लिहिलं. दुधाचा एक थेंब त्यांनी चाखला नाही. बूट मात्र चपराशाकडून दोनदा पुसून घेतले. मायला तिथेच सांगण्यात आलं की उद्यापासून यायचं नाही, दुसरी बाई बघू. चपराशी गंजाकडे बोट दाखवून म्हणाला, "हे उरलेलं तूच घेऊन जाय. गंज घासून आणून देजो."

आम्ही घरी निघालो. माय गंज डोक्यावर घेऊन पुढे, बाबा सायकल हातात धरून मागे. घरात आल्यावर बाबा सदरा न काढता भिंतीला टेकून बसले. "तुह्या मायले सांग," असं म्हणाले आणि थांबले. मग माझ्याकडे वळले.

"रोज खरे किती पेत होते?"

"सहा. मी धरून."

"मंग तीस कायले सांगतले?"

"तुमी मायसंग बोलाले लागले होते म्हणून."

त्यांनी मान खाली घातली. मग त्यांनी वर पाहिलं तेव्हा त्यांच्या तोंडावर जे होतं ते मला अजून सहन होत नाही. शिसारी होती ती, माझी. "त्यायचं जाऊ दे," ते म्हणाले. "आज सगळ्या गावाची पोरं पेत होती. आन् तुलेच आपल्या मायच्या हातचं गेलं नाही?"

मी काही बोलायच्या आत माय उठली. तिनं बाबांचाच पेला घेतला, गंजात बुडवून भरला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

"तुमी पेले काय कधी हे?"

बाबांनी ते कधीच प्यायलं नव्हतं. अर्ज केला होता, आकडे विचारले होते, पण शाळेतलं दूध त्यांनी तोवर जवळून पाहिलंही नव्हतं. त्यांनी पेला उचलून तोंडाला लावला. पहिल्या घोटालाच त्यांचे डोळे मोठे झाले. आता थुंकतील असं वाटलं, पण समोर माय उभी होती. ते गिळत राहिले. एक गुठळी त्यांना चावावी लागली, तीही त्यांनी चावली. पेला रिकामा करून खाली ठेवला तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते नुसतं त्या घाणीचं होतं की आणखी कशाचं, हे मला सांगता येणार नाही. त्यांनी हात लांबवून मला जवळ ओढलं आणि धरून ठेवलं.

"एवढी घाण?" त्यांनी विचारलं. माझ्यामार्फत नाही, सरळ मायला. "मंग त्या पोट्ट्यायनं वास येते म्हणून सरळ काहून नाही सांगतलं? आपलं नाव कायले घेतलं?"

मायनं गंजातलं उरलेलं दूध दाराबाहेर फेकलं आणि राख घेऊन गंज घासायला बसली.

"वास येते म्हटलं तं छडी बसत होती," ती म्हणाली.